गाडी का थांबवली नाही

पूर्णगड
६ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

गुणवंतीचा नमस्कार. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे आहेत. फोनच केला असता, पण आपल्या घरातला फोन स्पीकरवर चालतो हे तुम्हांला माहीत आहे. अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून तो मोठा करून ठेवला, आणि तेव्हापासून आपलं बोलणं शेजारच्या आनंदीबाई त्यांच्या ओट्यावरून ऐकतात. मागच्या खेपेला तुम्ही रुचिराच्या गुडघ्याचं सांगत होतात, तर तेल कोणतं लावायचं ते आधी त्यांनीच सांगितलं. म्हणून लिहिते आहे.

तुमची गाडी बंद पडली. बंद पडली म्हणजे इंजिन जाम झालं. होऊन थोडे दिवस झाले, पण लिहायला सवड मिळाली नाही. मिरजोळ्याला विठू मिस्त्रींच्या गॅरेजात ती ओढून नेली आहे. मिस्त्रींनी लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघितलं. मग पान्यावर स्वतः लोंबकळून बघितलं. ते हललं नाही. म्हणाले, "बसलं." माणूस बसला तर उठतो, तसं यात नसतं, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं.

झालं ते असं. आपल्या वाडीतून वर येताना वळणावर यमुनाबाईंनी न्हाणीघराच्या कामासाठी चिरे उतरवून घेतले आहेत. त्यातला एक गाडीला खालून लागला. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात, ते फुटलं आणि तेल वाटेत गळून गेलं. गाडी मी चालवत होते. रत्नागिरीत थोडं काम होतं. दोष दुसऱ्या कुणाचा नाही. यमुनाबाई चिऱ्यांवरून माझी माफी मागायला आल्या होत्या, त्यांना चहा देऊन परत पाठवलं.

तुमचे बंधू बोटीवर आहेत. या खेपेला मासळी बरी आहे असं कळतं. अण्णा बरे आहेत. हल्ली पडूनच असतात, उन्हंही वाढली आहेत.

गाडी तुमची आहे, तेव्हा पुढे काय करायचं ते कळवा. इंजिन खोलून बघू का, असं मिस्त्री विचारतात. मी हो म्हणून ठेवलं आहे. नको असेल तर लवकर कळवा, कारण ते कामाला लागले असतील.

गुणवंती


विक्रोळी
१२ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं आणि मग रुचिराला वाचायला दिलं. ती म्हणाली, वहिनींना काही लागलं नाही ना ते आधी विचारा. तर, तुला काही लागलं नाही ना?

आता गाडीचं. मी लिफ्टच्या कामात आहे, मोटारीच्या नाही, पण यंत्र म्हटलं की गोष्ट एकच. इंजिनात लोखंडावर लोखंड फिरत असतं आणि मध्ये तेलाचा पातळ थर असतो. पंप ते तेल दाबाने सगळीकडे पोचवतो. तेल गेलं की दाब जातो, दाब गेला की लोखंड लोखंडाला घासतं, तापतं आणि शेवटी चिकटून बसतं. हे होण्याआधी गाडी सांगते. तुझ्या समोर, काट्यांच्या खाली, तेलाच्या किटलीसारखं चित्र असलेला लाल दिवा लागतो. तुला गाडी शिकवताना सड्यावरच्या मोकळ्या माळावर पहिल्याच दिवशी मी हा दिवा दाखवला होता. म्हटलं होतं, बाकीचे दिवे लागले तर विचार कर, हा लागला तर विचार करू नको, बाजूला घे आणि चावी फिरव. तू तेव्हा मान हलवली होतीस.

मग मला समजत नाही ते एवढंच, की वाडीच्या वळणावर चेंबर फुटला आणि गाडी जाम झाली ती कुठे? तू ते लिहिलंच नाहीस. वाडीतच थांबली असतीस तर चेंबर बदलून काम झालं असतं. दिवा लागला नव्हता का? का लागला आणि तू बघितला नाहीस? का मागे सुकट भरली होती आणि बाजार चुकेल म्हणून दामटलीस? खरं सांग, मी रागावणार नाही. रागावलो आहे तेवढंच राहील.

ही गाडी मी कोणासाठी घेतली ते तुला वेगळं सांगायला नको. अण्णा होडीत चक्कर येऊन पडले तेव्हा होडीचं मशीन मी काढून नेलं आणि देऊन टाकलं, कारण ते नुसत्या सांगण्याने ऐकणारे नव्हते. त्या बदल्यात त्यांना म्हातारपणी फिरायला सुख असावं म्हणून गाडी आणून दारात लावली. त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, या गाडीत मी बसणार नाही. चार वर्षं झाली. देवळात गेले चालत, लग्नाला गेले एस.टी.ने. गाडीच्या टपावर जाळी वाळत घातली, ती काय तेवढी गाडीची सेवा घेतली. आता त्यांना बरंच वाटत असेल. वाटत असेल तर कळव, नसेल वाटत तरी कळव.

इंजिन खोलून काय निघालं तेही लिही.

भावेश


पूर्णगड
१९ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

मला काही लागलं नाही. रुचिराला सांगा.

विचारलंत त्याची उत्तरं देते. दिवा लागला होता. मला तो दिसला. पावस गावचा नाका मागे टाकल्यावर लागला. तो कसला आहे ते मला माहीत होतं. तुम्ही सड्यावर सांगितलं होतंत ते सगळं आठवत होतं, शब्दसुद्धा. सुकट नव्हती. गाडी जाम झाली ती गोळपचा सडा ओलांडून भाट्याकडे उतरताना.

का थांबवली नाही ते मला सांगता येत नाही. येत नाही म्हणजे सुचत नाही असं नव्हे. तुम्ही रागावलात तर रागावा, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

इंजिन खोललं. मी गेले होते बघायला. मिस्त्रींनी खालचं भांडं काढून त्यातलं उरलंसुरलं तेल एका पातेल्यात ओतलं आणि मला बोलावून दाखवलं. तेलात चमचम होती, मासळीच्या खवल्यांसारखी. ती म्हणजे आतल्या बेअरिंगची झीज. मग पिस्टनचा एकेक दांडा सोडवत गेले. तीन सुटले, चौथा सुटेना. तो क्रँकवर, म्हणजे हे दांडे ज्याला फिरवतात त्या आसावर, असा चिकटला होता की छिन्नी लावून काढला. क्रँक त्या जागी निळा-काळा पडला आहे. मिस्त्री म्हणाले, बाई, एवढी तापेपर्यंत गाडी चालवणारं माणूस मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, आता बघितलंत.

अण्णांना बरं वाटत नाही. गाडी गेल्याचं, असं म्हणते. रोज सकाळी उठले की गाडीचं काय झालं विचारतात. मी मिरजोळ्याहून आले की जवळ बसवून घेतात आणि मिस्त्रींनी काय काय काढलं ते सगळं ऐकतात. चौथा दांडा सुटला नाही हे सांगितल्यावर जेवले नाहीत नीट.

तुम्ही गाडी दुरुस्त करायचं मनावर घ्यावं, एवढं मागते. ती इथे असायला हवी. एवढं मी तुमच्याकडे कधी मागितलेलं नाही.

गुणवंती


विक्रोळी
२५ फेब्रुवारी २०२५

वहिनी,

तुझं पत्र वाचून मला उलट जास्त कोडं पडलं. दिवा बघितला, कळला, आठवला, आणि तरी पावसपासून भाट्यापर्यंत चालवत नेली. लिफ्टच्या अपघाताच्या चौकशीत असा जबाब कोणी दिला असता तर मी तो लिहूनही घेतला नसता.

मी विठू मिस्त्रींना फोन केला. माणूस बोलका आहे. पाऊण वेळ त्यांनी त्यांच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, तुमचं हे इंजिन आता भंगार. क्रँक घासून घेता आला असता, पण ब्लॉकलाही मार बसला आहे. कोल्हापुरात मागून ठोकलेल्या गाड्या येतात, त्यांची इंजिनं चांगली असतात, तसलं एखादं आणून बसवू. नाहीतर गाडी द्या भंगारात, असंही म्हणाले. तू दर दोन-तीन दिवसांनी तिथे जाऊन स्टुलावर बसतेस हेही सांगितलं. आणि फोन ठेवताना म्हणाले, "म्हातारे आता बरे ना?" मी म्हटलं, आमचे म्हातारे ठणठणीत आहेत, त्यांना काय होतंय, अजून कोणाचं ऐकत नाहीत. त्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, चांगलं आहे. गॅरेजवाले सगळ्यांनाच असं विचारत असावेत.

अण्णा गाडीची चौकशी करतात हे वाचलं. वहिनी, तू सून म्हणून चांगलं तेच बघतेस. मी मुलगा आहे. ते जेवले नाहीत ते दुःखाने नव्हे. माझी गाडी फुकट गेली हे त्यांना रोज नव्याने ऐकायचं असतं.

म्हणून मी ठरवलं. गाडी ज्यांच्यासाठी घेतली ते तिच्यात एकदाही बसले नाहीत. ज्यांना ती चालवायला शिकवली त्यांनी लाल दिवा बघून चालवली आणि कारण सांगायचं नाही म्हणतात. अशा घरात आणखी एक इंजिन पाठवण्यात अर्थ नाही. मी कुवारबावच्या एका भंगारवाल्याशी बोललो. तो पुढच्या आठवड्याच्या शेवटी मिरजोळ्याहून गाडी उचलेल. तुला तिथे जायची गरज नाही, कागदांचं मी इथून बघतो.

तुला वाईट वाटेल. मलाही वाटतं आहे. पण मी त्या घरासाठी जे जे केलं ते कोणाला नकोच होतं, एवढं आता मला कळलं.

भावेश


पूर्णगड
२८ फेब्रुवारी २०२५

भावोजी,

हे पत्र मी रत्नागिरीच्या टपाल कचेरीत बसून लिहिते आहे, म्हणजे आजच निघेल. फोनवर सांगण्यासारखं हे नाही. भंगारवाल्याला थांबवा. पत्र वाचून झाल्यावर मग पुन्हा पाठवायचा असेल तर पाठवा.

मला शपथ घातली होती. ती मी मोडते आहे. मोडल्याचं काय व्हायचं ते माझं होईल.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी अण्णांनी पेज घेतली नाही. नको म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मी बघते तर अंगातला सदरा भिजून चिकटलेला, आणि हात छातीवर नाही, जबड्यावर. दात दुखतोय म्हणाले. भावोजी, त्यांना खालचे दात राहिलेले नाहीत. मी आनंदीबाईंना हाक मारली. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला. ती गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन राजापूरकडे गेली होती, परत यायला वेळ होता. तुमचे बंधू समुद्रात. मी चावी घेतली.

अण्णा गाडीत बसेनात. त्या अवस्थेतसुद्धा दाराला हात लावून उभे राहिले आणि मान हलवली. मग त्यांचे पायच गेले, तेव्हा मी आणि आनंदीबाईंनी त्यांना मागच्या सीटवर आडवं घातलं. चिरा लागला तो तेव्हाच. आवाज मी ऐकला. उतरून बघायला थांबले नाही.

पावसच्या पुढे दिवा लागला. मी त्याच्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे बघितलं. पावसला थांबून दुसरी गाडी बघावी असं मनात आलं होतं, पण दिवा लागेपर्यंत पावस मागे पडलं होतं, आणि पुढे सडा. सड्यावर त्या वेळी कोण असणार? गोळपच्या अलीकडे इंजिनात टकटक सुरू झाली. आधी बारीक, मग आत बसून कोणी घण घालतंय अशी. अण्णांना फोनवरचं ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. जन्मभर मशीनच्या डोक्याशी बसून होडी हाकलेला माणूस. मागून म्हणाले, "तेल गेलंय. बंद कर."

मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही.

पुन्हा म्हणाले, "बंद कर गो. मशीन मरंल. पोराची गाडी हाय."

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही गप पडून ऱ्हावा."

त्यांच्या सुनेने त्यांना गप राहायला सांगितलं, ही आमच्या संसारातली पहिली वेळ. ते गप राहिले. फक्त मध्ये मध्ये सीटवर थाप मारत होते. आधी मला वाटलं कळ येते आहे. नंतर कळलं, टकटक वाढली की थाप मारत होते. गाडीला शांत करत होते, जनावराला करतात तसं.

उतरण सुरू झाली तिथे एक मोठा हिसका बसला आणि इंजिन थांबलं. तुम्ही शिकवलं होतंत तसा क्लच दाबला, गिअर काढला. गाडी उतारावर आपली आपण चालू लागली. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक पहिल्यांदा लागला, मग दोन्ही पाय देऊन दाबावा लागला. आवाज मात्र काही नाही. नुसता वारा. मला वाटलं, संपलं. अण्णा मागून म्हणाले, "हां. आता शिडावर आली."

ती शिडावर सुरूच्या बनापर्यंत आली आणि पुलाच्या अलीकडे थांबली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. पहिला टेंपो आला तो बर्फाचा होता. त्याने अण्णांना पुढे घेतलं, मी मागे बर्फावर बसले. दवाखान्यात लगेच इंजेक्शन देऊन रक्ताची गुठळी विरघळवली. डॉक्टरीण बाई म्हणाली, आणखी उशीर करायला नको होता, आणि केला नाहीत. एवढंच म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "गाडी?" मी म्हटलं, आहे. दुसरं म्हणाले, "भावेशला सांगायचं नाय." मला वाटलं, तुम्ही काळजी कराल म्हणून. तर म्हणाले, "मी गाडीत चढलो हे कळलं तर तो माझ्या डोक्यावर बसंल." आणि शपथ घातली. तुमच्या बंधूंनाही घातली. आनंदीबाईंना घातली, आणि त्यांनी ती पाळली. साऱ्या वाडीला ठाऊक आहे, विठू मिस्त्रींना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या तुम्हांला.

अण्णांना गाडी फुकट गेल्याचा आनंद होतो असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासायला गेले. सगळी घासून झाल्यावर पुन्हा घेतलं.

त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरला दाखवायचं आहे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मला दारात गाडी हवी आहे. मी ती पुन्हा तशीच चालवीन. हे आधीच सांगून ठेवते.

गुणवंती


विक्रोळी
४ मार्च २०२५

वहिनी,

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं.

मी शुक्रवारी येतो. अण्णांना सांग, गाडीच्या कामासाठी येतोय, चार दिवस राहीन. मला काही माहीत नाही असंच राहू दे. तुझी शपथ मोडली नाही असं धर. माझ्यापर्यंत पत्र पोचलंच नाही, टपालात गहाळ झालं.

लाल दिव्याबद्दल मी पहिल्या पत्रात जे लिहिलं होतं ते यंत्राच्या दृष्टीने बरोबर आहे. ते पत्र फाडून टाक.

रुचिरा रडली. मी कामावर गेलो. दुपारी एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत एक आजोबा होते. त्यांना बाहेर काढलं तर ते माझ्यावरच ओरडले, एवढा वेळ का लावला म्हणून. मी त्यांना घरापर्यंत सोडून आलो. आमच्या कामात तसं करत नाहीत.

भावेश


विक्रोळी
१८ मार्च २०२५

वहिनी,

सुखरूप पोचलो. निघताना तू डोळ्यांनी विचारत होतीस, मिरजोळ्याला काय झालं. अण्णा समोर होते आणि आनंदीबाई ओट्यावर होत्या. म्हणून आता लिहितो.

मी एकटाच जाणार होतो. अण्णा म्हणाले, मी येतो, मशीन बघायचंय. मी रिक्षा केली. ते काठी घेऊन, टोपी घालून, कोणाच्या लग्नाला निघावं तसे निघाले. किती वाळले आहेत ते रिक्षात शेजारी बसल्यावर कळलं. दोघं बसूनही मध्ये जागा उरली.

गॅरेजात विठू मिस्त्रींनी त्यांना बघितलं आणि हात पुसत पुढे आले. "बाबा, तुम्ही? अहो, बाई सांगत होत्या, त्या दिवशी तर..." एवढं बोलले असतील. अण्णा म्हणाले, "मी याचा बाप. बघायला आलोय." मिस्त्री बोलके आहेत, पण बोलके असून गप्प बसू शकतात हे मला तिथे दिसलं.

क्रँक गोणपाटावर काढून ठेवला होता. मी उभा राहून बघितला. अण्णा खाली बसले. बसायला त्यांना बराच वेळ लागला, मी हात दिला नाही, कारण मला काही माहीत नव्हतं. निळ्या पडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग बेअरिंगचा एक तुकडा उचलला, केळ्याच्या सालीसारखा पिळवटलेला. तो बराच वेळ हातात धरला. मी मिस्त्रींना विचारलं, दुसरं इंजिन टाकण्यात अर्थ आहे का. मिस्त्री म्हणाले, गाडीचा सांगाडा चांगला आहे, तुमचं तुम्ही ठरवा. मी म्हटलं, बघतो, विचार करतो. खरं तर माझं ठरलेलं होतं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

अण्णा खालूनच म्हणाले, "बसव."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसवा.

परत येताना पूल ओलांडून भाट्याला आलो. सुरूच्या बनाशी त्यांनी काठीने बाहेर दाखवलं. म्हणाले, "इथवर आली." मी विचारलं, कोण? तर म्हणाले, "गाडी." रिक्षा चढ चढायला लागली, तिचा आवाज मोठा. मला वाटलं, आता घरापर्यंत असेच जाऊ. गोळपच्या सड्यावर आल्यावर, माझ्याकडे न बघता, बाहेर बघत बोलले. शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण ते तुझ्यासमोर कधी म्हणणार नाहीत: "पोरगी घाबरली नाय. माझ्या होडीवर असा एक खलाशी नव्हता."

त्यांचा हात माझ्या हातावर होता. रिक्षात धरायला दुसरं काही नसतं. घर येईपर्यंत तो तसाच होता.

मिस्त्री म्हणतात, इंजिन कोल्हापूरहून निघालं आहे. यमुनाबाईंना सांग, चिरे एका बाजूला रचून घ्या.

भावेश


पूर्णगड
१६ एप्रिल २०२५

चि. भावेश यास बाप रघू याचे आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. गुणवंतीला वाचायला दिलेले नाही. अक्षर लागले नाही तर रुचिराला दाखव, तिला लागेल.

गाडी आली. मशीन घाटावरचे आहे, त्याला इकडची हवा मानवते का ते बघायचे. आवाज ठीक वाटतो. खाली चेंबर नवा घातला. मिस्त्री त्याला लोखंडाची पट्टी लावून देत होता. मी म्हटले दोन लाव.

मी तुझ्या गाडीत बसलो असे गुणवंतीने तुला सांगितले असेल. तू मार्चमध्ये आलास तेव्हा तुझ्या तोंडावर ते लिहिलेले होते, पण मी वाचले नाही असे दाखवले. तर खरे काय ते सांगतो. मी बसलो नव्हतो. मी आडवा होतो. मला घातले होते. यात फरक आहे.

होडीचे मशीन तू काढलेस. तुझ्या गाडीचे मशीन माझ्यापायी गेले. त्यावर मी काही बोलत नाही, तूही बोलू नको. गुणवंतीला बंद कर म्हणून दोनदा सांगितले होते. तिने ऐकले नाही. तिने ऐकले असते तर तुझी गाडी राहिली असती. या घरात कोणी ऐकत नाही असे तू नेहमी म्हणतोस, ते त्या दिवशी बरे झाले.

डॉक्टरीण बाई म्हणते, आता समुद्रावर जायचे नाही. मी म्हटले, बरे. हेच तू चार वर्षांपूर्वी म्हणाला होतास. पण ती शिकलेली आहे, आणि तिने विचारून सांगितले. तू न विचारता मशीन उचललेस. एवढेच होते. ते आता संपले.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मला दाखवायला न्यायचे आहे. गुणवंती नेते म्हणते. ती नेईल. ती काळजाची घट्ट आहे, पण वळणावर ब्रेक आवळत नाही, आणि तिच्या मागे आडवे पडून जायला मी आता आजारी नाही. तुझ्या थोरल्या भावाला बोट सोडता येणार नाही. तेव्हा तुला सवड झाली तर तू ये. रुचिरालाही आण, तिच्या गुडघ्याला आनंदीबाई तेल देणार आहे.

तू चालव. मी पुढे बसेन.

पट्टा लावायला मात्र सांगू नको.

रघू